खवल्यांच्या ब्रशाचं गाऱ्हाणं

ब्रश आला नाही, इथपर्यंत मी गप्प बसले असते. पण ब्रश आला, असं मला सांगण्यात आलं, आणि तिथं माझं डोकं फिरलं.

मासे मी घरीच साफ करते. बाजारातून साफ करून आणणाऱ्या बायका आमच्या मरोळात पुष्कळ आहेत, पण त्या आतड्यांबरोबर अर्धं मांस तिथंच सोडून येतात आणि वर सांगतात, हल्ली माशाला चव राहिली नाही. मला ते चालत नाही. फक्त खवल्यांचा ताप असतो. तांबोसा असला की खवले ओट्यावर, भिंतीवर, केसांत. एकदा आमच्या ह्यांच्या चहात खवला पडला, आणि ह्यांनी तो साय समजून खाल्ला. हे म्हणजे माझा नवरा, लवू परब. शब्द खर्च करायचा तर ते दोनदा विचार करतात, त्यामुळे मला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

म्हणून फोनवर तो हिरवा ब्रश दिसला तेव्हा मी लगेच मागवला. पुढं दात, वर झाकण, खवले झाकणाच्या आतच जमा. 'एकही खवला उडणार नाही' असं खाली लिहिलेलं. किंमत एका नारळाएवढी. विकणारा कोण, तर श्री झकास किचन बाजार. पैसे आधीच भरले आणि वाट बघत बसले.

मग एका सकाळी मी विळीवर बसलेली, हातात बोय मासा, आणि फोन वाजला. 'आपली वस्तू आपल्या हाती सुपूर्द करण्यात आली आहे. आनंद घ्या.' मी माझ्या हाताकडे बघितलं. हातात बोयच होता.

तक्रार करायला गेले तर तिथं रिया नावाचं एक यंत्र बसवलंय. ती म्हणते, मी तुमची निराशा समजू शकते. मी म्हटलं, समजू नकोस, ब्रश दे. ती म्हणते, तुम्हाला आणखी काही मदत हवी आहे का? आणखी म्हणे. पहिली कुठं केलीस गं बाई? शेवटी तिनं मलाच विचारलं की माझ्याशी बोलून तुम्हाला कसं वाटलं, किती तारे द्याल.

"जांवदे गो," हे म्हणाले. "एका नारळाचो तर प्रश्न."

ह्याच 'जांवदे'वर ह्या लोकांचे बंगले उभे राहतात.

मी अभिप्राय लिहायला घेतला. तारा एकच दिला, कारण एकही न देण्याची सोय नाही. खाली लिहिलं, 'चोर'. त्यांनी काढून टाकला, भाषा सभ्य ठेवा म्हणून. मग लिहिलं, 'मेल्या, तुझ्या तोंडात माती पडो'. तोही गेला. मग मी जे लिहिलं ते इथं सांगत नाही, पण त्यानंतर मला आठवडाभर अभिप्राय लिहायला बंदी झाली. ब्रश न पाठवणारा मजेत दुकान चालवतोय, आणि बंदी मला.

शेजारची व्हायोलेट तेव्हा माझ्याकडे भरलं पापलेट घेऊन आली होती. मरोळ गावठाणातलं जुनं ख्रिश्चन घर तिचं, पंचवीस वर्षं आमचं ताटाला ताट लागतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सुहास, तू शिवी घालतेस तिथं फसतेस. देवाचं नाव घाल. देवाच्या नावाला हे लोक हात लावायला घाबरतात."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आम्ही कोकणातले. आमच्याकडे काही अडलं, कोणी नडलं, की देवापुढं नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकानं मोठ्यानं देवाला सगळं सांगायचं, कोणाचं भलं कर, कोणाचं वाकडं कर, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी म्हणायचं, 'व्हय म्हाराजा'. सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य घ्यायचं नाही. तशी रीत. आणि घालायचं पुरुषानं, हीसुद्धा रीत. बायका मागं उभ्या.

लहानपणापासून मी मागं उभी आहे. माझे वडील गावात गाऱ्हाणं घालायचे, मला ते अक्षरन् अक्षर पाठ. इथं इमारतीच्या पूजेला जो कोणी पुढं होतो तो मधेच अडखळतो, मग मी मागून हळूच पुढचं वाक्य सोडते, तो ते उचलतो, आणि मग सगळे त्याची पाठ थोपटतात. मला त्याचा राग येतो. लग्न होऊन आले तेव्हापासून येतो, अजून गेलेला नाही.

तर बंदीचा आठवडा सरला आणि मी नारळ आणला. फोन साखरेच्या डब्याला टेकवला, त्याच्यापुढं नारळ ठेवला. मी सांगत गेले आणि व्हायोलेट टाईप करत गेली.

'बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू मरोळातसून तुका हाक मारता. ह्या झकास किचनवाल्यान खवल्याचो ब्रश देतंय म्हणून माझे पैसे घेतल्यान, आणि ब्रश काय दिल्यान नाय म्हाराजा. तर तो जा काय मागवीत, ता त्याच्या दारापर्यंत येव नको. वाटेतच रवांदे. जोपर्यंत माझो ब्रश माझ्या हातात पडणा नाय, तोपर्यंत त्याच्या घरचा कार्य अडान रवांदे रे म्हाराजा.'

व्हायोलेट प्रत्येक वाक्याला टाईप करता करता 'व्हय म्हाराजा' म्हणत होती. आमच्या गणपतीत येऊन येऊन तिला सवय झालीये. एकदा चुकून 'आमेन' म्हणाली. म्हटलं चालेल, पोचल्याशी कारण.

तिनं बटण दाबलं. 'आपला अभिप्राय प्रसिद्ध झाला आहे. इतर ग्राहकांना याचा उपयोग होईल.' ह्यात शिवी कुठं आहे, ते त्या यंत्राला सापडेना.

दुसऱ्या दिवशी बघते तर खाली कुडाळच्या एकानं लिहिलेलं, 'व्हय म्हाराजा'. मग विरारचा एक. मग कुवेतमधून एक जण. ज्यांना लिंबू पिळायचं यंत्र आलं नव्हतं ते, ज्यांना बटाटे सोलायचं आलं नव्हतं ते, सगळे येऊन माझ्या मागं उभे राहिले. मधेच सुरतच्या एका बाईनं विचारलं, वस्तूची क्वालिटी कशी आहे? तिलाही कोणीतरी उत्तर दिलं, 'व्हय म्हाराजा'. आमचे हे रात्री जेवताना नवीन आलेले वाचून दाखवायला लागले. एवढे शब्द ह्यांच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते.

मग एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात एक मुलगा. इस्त्रीचा शर्ट, काखेत मिक्सरचं खोकं, हातात मिठाईचा पुडा आणि पिशवीत नारळ.

"परब काकी?" तो म्हणाला. "मी सुयोग. वाकोल्याहून आलोय. श्री झकास किचन बाजार."

"पत्ता सापडला?" मी विचारलं. "ब्रश पाठवताना सापडत नव्हता."

तो आत आला आणि सरळ माझ्या पाया पडला. मी पाय मागं घेतले. खुर्चीच्या कडेवर बसून त्यानं सांगितलं की त्याचं लग्न ठरत होतं. मुलगी मुलुंडची, ऋतिका नाव, दोघांचं आपसातच जमलेलं. मुलीचे वडील चंद्रप्रकाश सावंत, पक्के मालवणचे. त्यांनी पत्रिका बघण्याआधी जावयाच्या दुकानाचे तारे बघितले. आणि तिथं पहिलंच माझं गाऱ्हाणं, खाली अख्खं कोकण 'व्हय म्हाराजा' म्हणतंय.

"सावंत मामा म्हणाले, घरावर गाऱ्हाणं पडलेलं असताना मुलगी देणार नाही. घरचं कार्य अडू दे असं स्पष्ट लिहिलंय. आधी उतरवून ये." त्यानं मिठाईचा पुडा पुढं सरकवला. "आणि काकी, ते लागलंय. साखरपुड्याची शेरवानी मागवली होती. सुपूर्द केली म्हणून आलं. माझ्या हातात काही नाही."

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

"ब्रश दे," मी म्हटलं. "लगेच उतरवते."

"ब्रश नाहीये. त्याच्या बदल्यात हा मिक्सर घ्या. तीन भांडी आहेत."

"गाऱ्हाण्यात मिक्सर नाही. देवाला मी ब्रश सांगितलाय. उद्या देवानं मला विचारलं तर काय सांगू, दुसरं बरं मिळालं म्हणून सोडलं?"

ह्यांनी खोकं उघडून आत डोकावलं. "मिक्सर बरो आसा गो."

"तुम्ही गप्प बसा."

सुयोग खाली बघून म्हणाला, "काकी, खरं सांगू? ब्रश कधी नव्हताच. नुसता फोटो होता. एवढ्याशा वस्तूसाठी कोण भांडतं? माणूस दोन दिवस चिडतो, मग विसरतो. त्याच्यावरच चालतं हे."

मला इतका संताप आला की मी त्याला चहा विचारला नाही. तो तसाच उठला. जिन्यात व्हायोलेटनं त्याला गाठलं, घरात नेऊन चहा पाजला आणि वर अक्कलही दिली. ती तिच्या मनाला येईल तेच करते.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, काखेत तोच मिक्सर, पिशवीत नारळ, पण एकटा नाही. बरोबर चंद्रप्रकाश सावंत, पांढरी पँट, वर केलेली हनुवटी. आणि ऋतिका, जी आल्या आल्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "काकी, मी सगळं वाचलं. मीपण खाली लिहिलंय." मुलगी मला आवडली. ज्याच्याशी लग्न करायचं त्याच्याच विरुद्ध 'व्हय म्हाराजा' म्हणायला जिगर लागते.

मागोमाग व्हायोलेटही येऊन बसली. सुयोगच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. आठवडाभर त्यानं काय केलं, तर तसलाच ब्रश दुसऱ्या पाच दुकानांतून मागवला. पाचही 'सुपूर्द' झाले. एकही आला नाही.

"एकाला मी एक तारा दिला, काकी," तो म्हणाला. "फार मनापासून लिहिलं होतं. काढून टाकला."

"शिवी घातली असशील."

"हो."

शेवटी व्हायोलेटनं त्याला बोटीत घालून गोराईला आपल्या मामेभावाकडे, क्लेमेंटकडे पाठवलं. क्लेमेंटच्या घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी. त्यानं शिकवलं, लाकडाची फळी घ्यायची आणि तिच्यावर सोड्याच्या बाटल्यांची बुचं उलटी ठोकायची, कातरी धार वर करून. पोरानं ते स्वतः केलं, दोन बोटं फोडून घेतली, आणि आता ती फळी दोन्ही हातांत धरून माझ्यापुढं उभा होता. फळी हिरवी होती.

"रंग कशाला दिलास?"

"फोटोत हिरवा होता," तो म्हणाला. "म्हटलं, तक्रारीला जागा नको."

रंग अजून ओला होता. माझे हात हिरवे झाले, दाराचा कडीकोयंडा हिरवा, ह्यांचा सदराही, कारण ह्यांना हात लावून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. पण माल तपासल्याशिवाय मी घेत नाही. सकाळचा तांबोसा होता, तो ताटात घेतला आणि बाहेरच्या खोलीतच, सगळ्यांसमोर, शेपटीकडून डोक्याकडे एक हात मारला. खवले असे सुटले की मला बरंच वाटलं. झाकण नसल्यानं उडाले मात्र सगळीकडे. एक मोठा खवला जाऊन चंद्रप्रकाशरावांच्या कपाळावर बरोबर मधोमध चिकटला. त्यांना कळलं नाही, आणि बाकी कोणाची सांगायची हिंमत झाली नाही.

"चालेल," मी म्हटलं. "ब्रश पोचला."

सुयोगनं डोळे मिटले. चंद्रप्रकाशराव ह्यांच्याकडे वळले. "चला यजमान, तुमचं समाधान झालं ना? मग उतरवा तुमचं गाऱ्हाणं. मुहूर्त जवळ आलाय."

"मी खंय?" हे म्हणाले. "ता हिना घातल्यान."

चंद्रप्रकाशरावांनी माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा ह्यांच्याकडे. मग ते हसायला लागले, मांडीवर थाप मारून.

"बाईमाणसानं घातलं? अहो, मग ते लागतच नाही. बायकांचं गाऱ्हाणं देवापर्यंत जात नाही. उगाच जीव टांगणीला लागला आमचा. चला सुयोगराव, उठा. काही झालंच नव्हतं. साखरपुडा करून टाकू."

ते उठलेसुद्धा. माझ्या हातात ती हिरवी फळी, कोपरापर्यंत खवले, आणि मला अचानक रडायला यायला लागलं. राग आला असता तर मी सांभाळला असता, रागाची मला सवय आहे. पण एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा पुढं उभी राहिले होते, एवढे लोक मागं उभे राहिले होते, आणि हा माणूस ते सगळं एका थापेत पुसून चालला होता. त्याला अडवावं तर दोन पोरांचं लग्न मोडणार. गप्प बसावं तर माझं काही उरणार नाही. मी गप्प बसायचं ठरवलं. पोरगी चांगली होती.

पण सुयोग उठला नाही.

"मामा, लागलंय," तो म्हणाला.

"अरे, नाही लागत. मी सांगतो ना."

"शेरवानी कोणाच्या हातात आहे, मामा? माझ्या नाहीये. पाच ब्रश मागवले, एक नाही आला. काकींनी स्वतः उतरवल्याशिवाय मी साखरपुड्याला उभा राहणार नाही. ऐन वेळी अंगठी वाटेत राहिली तर?"

पोरगा अगदी खरोखर घाबरला होता. माझी बाजू घ्यायची म्हणून तो बोलत नव्हता, आणि म्हणूनच मला ते फार गोड वाटलं. माझ्या शब्दाला एवढं कोणी कधी घाबरलं नव्हतं.

"बाबा, बसा," ऋतिका म्हणाली.

चंद्रप्रकाशराव पोरीकडे बघत राहिले. मग बसले.

मी हात धुतले. हिरवा रंग काही गेला नाही. देव्हाऱ्यापुढं सुयोगचाच नारळ ठेवला, शेजारी ब्रश ठेवला, आणि पदर खोचून उभी राहिले. मागं सगळे उभे. मी वळून बघितलं तर आमचे हे सगळ्यांच्या मागं, दाराशी, जिथं मी उभी राहायचे तिथं जाऊन हात जोडून उभे होते.

"बा देवा म्हाराजा," मी सुरू केलं, "बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा, जा काय गाऱ्हाणा ह्या तुझ्या लेकीन तुझ्या कानार घातल्यान, ता तू ऐकलंस रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागून आलं. हे, व्हायोलेट, ऋतिका, सुयोग. एक आवाज कमी होता. मला आवाज मोजता येतात, जन्मभर मागं उभी राहिलेय.

मी थांबले.

कोणीतरी खोकलं. मी थांबूनच राहिले. सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य घेत नाहीत, ही रीत त्यांच्या मालवणातही आहे.

"व्हय म्हाराजा," चंद्रप्रकाशराव पुटपुटले.

"देवाला ऐकू गेलं नसेल," मी देव्हाऱ्याकडे बघतच म्हटलं.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले, खणखणीत.

मग मी सोडलं नाही. "तर ब्रश हातात पडलो. जा काय अडवलंस ता आता सोड. ह्या झिलाचा कार्य सुखान पार पाड. त्याका त्याची शेरवानी गावांदे. आणि फोटो विकूची बुद्धी त्याका परत कधी देव नको रे म्हाराजा." प्रत्येक वाक्याला मागून पाच आवाज आले, आणि पाचवा सगळ्यात मोठा होता. सुयोगनं शेवटच्या वाक्याला दोनदा म्हटलं.

नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं दिलं. व्हायोलेटनं मिक्सर ठेवून जायला सांगितलं, मी तो परत दिला, आणि ह्यांनी त्याच्याकडे जिन्याच्या वळणापर्यंत बघितलं. पोरं हातात हात घालून उतरली. चंद्रप्रकाशराव मात्र चपलांपाशी रेंगाळले. पट्टा लावायला त्यांना फारच वेळ लागत होता. पोरं खाली गेल्याची खात्री केली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, गुडघ्याचा एक पट्टा मागवला होता मी. स्वस्तातला. सुपूर्द केला म्हणून दाखवतंय."

"मग घाला की गाऱ्हाणं," मी म्हटलं. "तुम्ही पुरुष आहात. तुमचं लगेच जाईल वर."

"घातलं," ते म्हणाले. "दोनदा घातलं. काही झालं नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. कपाळावर तो खवला अजून चमकत होता. मी आत आले, उरलेला एक नारळ शिंक्याखालून काढला आणि देव्हाऱ्यापुढं ठेवला. चंद्रप्रकाशरावांनी चपला काढल्या, लंगडत आत आले, आणि कोणी न सांगता माझ्या मागं जाऊन उभे राहिले.